ब्रदर प्लासींचं ताट

१

कथलाच्या वाडग्याच्या तळाशी चमचा खरवडल्याचा आवाज. सूप संपत आलं की भुकेला माणूस वाडगा जरा कलता करतो आणि कडेला राहिलेले जव गोळा करतो, तेव्हा होतो तसा. दोनदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. बासष्ट वर्षांपूर्वी मी तो ऐकला. मठाच्या जेवणघरात, भर दुपारी, एकवीस संन्यासी माना खाली घालून जेवत होते तेव्हा. आवाज जिथून येत होता ती जागा रिकामी होती.

माझं नाव रिश. आमच्या खोऱ्यात तेव्हा शाळा फक्त हिवाळ्यात भरायची, आणि मी चार हिवाळे गेलो. लिहायला मला वेळ लागतो. पण गेल्या महिन्यात मठाचा इतिहास छापून आला. नऊशे वर्षांचा, जाडजूड, वर डोंगराचं चित्र. माझी सून रोज दुपारी मला त्यातलं थोडं वाचून दाखवते. मंगळवारी तिने वाचलं, ‘त्या भीषण हिवाळ्यात मठाच्या परिवारातून एकच बळी गेला. मठाधिपती फादर उर्सिसिन खिंडीत अडकलेल्या कुणा वाटसरूच्या मदतीला एकटे धावून गेले आणि बर्फाखाली सापडले.’

मी म्हटलं, “पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं.

“एकच म्हटलंय?”

“एकच, मामा. का हो?”

मी उठून गोठ्यात गेलो आणि तिथे बराच वेळ उभा राहिलो. मी कुणावर ओरडत नाही. बायकोवर कधी ओरडलो नाही, गाईवरही नाही. लोक म्हणतात रिशला राग येत नाही. राग आहे. बासष्ट वर्षं तो मी राखेखालच्या निखाऱ्यासारखा सांभाळलाय. मेल्यावर तो कुणाच्या उपयोगाचा नाही, म्हणून लिहितो.

२

बाल्झर माझा थोरला भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी मठाच्या स्वयंपाकघरात होतो, तो मठाचं ओझं वाहायचा. उन्हाळ्यात खेचरांवरून, हिवाळ्यात स्वतःच्या पाठीवरून. अठरा वर्षं त्याने हे केलं. गवंडीकामाच्या चुन्यापासून मोठ्या घंटेच्या लोलकापर्यंत सगळं त्याच्या पाठीवरून वर आलं.

फादर उर्सिसिन त्या वर्षी मठाचा इतिहास लिहीत होते. आता छापलंय त्याचा पहिला अर्धा भाग त्यांचाच. खिंडीपलीकडच्या गावच्या चर्चमध्ये एक जुना कागद होता, मेणाच्या शिक्क्याचा. तो त्यांना हवा होता. फेब्रुवारी लागला होता. मेणबत्त्यांचा सण दुसऱ्या दिवशी.

ते स्वतः स्वयंपाकघरात आले. बाल्झर चुलीशी मोजे वाळवत होता.

“फादर, आठ दिवस थांबा,” तो म्हणाला. “वरचा उतार बर्फाने भरलाय. वारा दक्षिणेचा, उबदार आहे. बर्फ सुटेल.”

“सातशे वर्षं, बाल्झर. सातशे वर्षं या सणाला मठाचा माणूस त्या वाटेने पलीकडे जातो. एका कागदात अपघाताची नोंद नाही. मी सगळे कागद पाहिलेत.”

“कागद लिहिले तेव्हा वर रान होतं, फादर.”

“आता ते आपल्या डोक्यावर आहे,” आचारी ब्रदर जोडर म्हणाले, आणि कढईत बघून एकटेच हसले.

आमच्या खोऱ्यात गावावरचं आणि वाटेवरचं रान कुणी तोडत नाही. ते बर्फ धरून ठेवतं. त्या रानात कुऱ्हाड घेऊन दिसलेल्या माणसाला पूर्वी गावाबाहेर काढत. तीन उन्हाळ्यांपूर्वी मठाने ते तोडलं होतं. चर्चच्या नव्या छपराला सरळ तुळया हव्या होत्या, आणि परवानगी फादर उर्सिसिन यांनीच दिली होती. त्यांना ते आठवत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोक्यात कागदातली वाट होती, आणि कागदातल्या वाटेवर अजून झाडं उभी होती.

फादरांनी मला पाहिलं. मग म्हणाले, “भीती वाटत असेल तर तसं सांग. लाज नाही. रिशला पाठवतो.”

बाल्झरने माझ्याकडे पाहिलं. मग मोजे पायात चढवू लागला, अजून ओलेच.

“त्याला कुठे पाठवता,” तो म्हणाला. “तो चुलीपासून दारापर्यंत जाताना हरवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वरून बर्फ सुटल्याचा आवाज आला. सगळ्या खोऱ्याने ऐकला. त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही.

३

गावच्या माणसांनी चार दिवस लांब काठ्या खुपसत बर्फ धुंडाळलं. बर्फात चालायचा एक जोडा मिळाला. मग पुन्हा बर्फ पडू लागलं आणि ते परतले.

मठात एक रीत आहे. संन्यासी वारला की तीस दिवस त्याच्या जागेवर त्याचं ताट वाढतात. सूप, भाकरी, सगळ्यांना असेल ते. ताटापुढे एक लहान लाकडी क्रूस ठेवतात. जेवण उरकलं की ते अन्न दारी येईल त्या गरिबाला देतात. आणि त्याचं नाव मृतांच्या वहीत चढतं. मग दरवर्षी त्या तारखेला ते नाव सकाळी मोठ्याने वाचलं जातं. सात-आठशे वर्षांपूर्वी मेलेल्यांची नावंही अजून वाचतात. कोण कुठला हे कुणाला माहीत नसतं, पण नाव घेतलं जातं.

माझी आई म्हणाली, “माती द्यायला तो सापडत नाही. निदान ताट मांडा म्हणावं. वर्षातून एकदा त्याचं नाव कुणीतरी तोंडाने घ्यावं. एवढं विचार.”

मी टोपी हातात घेऊन फादरांच्या खोलीत गेलो. टेबलावर इतिहासाची पानं पसरली होती.

“ताट संन्यासाची शपथ घेतलेल्यांचं असतं, रिश.”

“तो मठाचा माणूस होता, फादर.”

“तो मठाचा नोकर होता. मला फार वाईट वाटतं. पण आज त्याला मांडलं, तर उद्या गवळ्याला, परवा धोब्याला. वही नऊशे वर्षं शुद्ध राहिली आहे.”

शुद्ध हा शब्द त्यांनी वापरला. मी तो विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रदर प्लासी गेले. एक्क्याण्णव वर्षांचे होते. बिछान्यात, झोपेत, पायाशी गरम वीट. भला माणूस, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचं ताट मांडलं गेलं, आणि ते रोज नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

४

जेवणघर लांबट आहे. दोन्ही भिंतींना टेबलं, पलीकडच्या टोकाला मठाधिपतींचं आडवं टेबल. जेवताना कुणी बोलत नाही, मान वर करत नाही. मीठ हवं असेल तर बोटाने खूण करायची. भिंतीत उंचावर एक कोनाडा आहे, तिथे उभं राहून एक जण वाचतो. त्या महिन्यात फादर उर्सिसिन यांचा इतिहासच वाचला जात होता, पान पान करून. कुणी कुठली भिंत बांधली, कुणी कुठला डोंगर दान दिला.

ब्रदर प्लासींची जागा खिडकीपाशी होती, शेवटून दुसरी. मी वाडगा ठेवायचो, शेजारी राय धान्याची जाड, गोल भाकरी, पुढे क्रूस. मग स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या वाढायच्या खिडकीमागे उभा राहायचो. शेवटी सगळं उचलायचो. खिंडीची वाट बंद होती, दारी गरीब वाटसरू येऊ शकत नव्हते, म्हणून ते अन्न कोंबड्यांना जायचं.

तिसऱ्या दिवशी उचलायला गेलो तर वाडगा रिकामा.

शेजारी फादर विगेली बसायचे. म्हातारे, वखवखलेले. मला वाटलं, त्यांनीच ओढला. मी वाडगा उचलला आणि बोटं चिकटली. जानेवारीत बाहेरच्या लोखंडी कडीला चिकटतात तशी. चूल पेटलेली, खोली उबदार, वाफाळतं सूप मीच वाढलेलं. मी तो फडक्यात धरून आत नेला.

“कोंबड्या उपाशी ठेवणार का?” ब्रदर जोडर म्हणाले. “लेका, मेलेल्याच्या पोटावर मारतोस?”

“मी खाल्लं नाही.”

“नसशील. पण खाल्लं असशील तर सांग. उद्यापासून पळीभर जास्त घालतो.”

मी भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. भाकरीचा मऊ गर आतून कोरून काढलेला होता. नुसतं कवच उरलं होतं, रिकाम्या घरट्यासारखं. वाडग्याच्या काठावर गाजराचे तुकडे ओळीने लावलेले, बाहेर काढून. पाच.

जोडर हसायचे थांबले.

बाल्झरचे पुढचे दोन दात खेचराच्या लाथेने गेले होते. कवच त्याला चावत नसे. आणि गाजराचा त्याला लहानपणापासून तिटकारा. आई ओरडायची, म्हणून टाकायचा नाही, काठावर लावून ठेवायचा. मठाच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं तो असाच जेवला, जोडरच्या समोर.

“विगेलींनाही दात नाहीत,” जोडर म्हणाले.

“नाहीत.”

“तेच असणार.”

“तेच असणार,” मी म्हटलं.

५

रविवारी खाली घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती चेहऱ्यावरून ओळखते. ती कातत होती. तिने सूत तोडलं नाही, हात थांबवला नाही.

“गार झालेलं वाढत असशील,” ती म्हणाली. “तो थंडीतून येतो. चुलीवरून थेट ने. आणि गाजर घालू नकोस.”

मी आईचं ऐकलं. गाजर वेचून काढू लागलो. भाकरी दुधात भिजवू लागलो. मी वेडा झालो असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटायचं. सकाळी भांडी घासताना मी स्वतःला समजवायचो की म्हातारे संन्यासी भुकेले असतात, उंदीर असतात, काचेतून गारवा येतो. दुपारी ताट भरायची वेळ आली की गाजर वेचायचो.

बाराव्या दिवशी फादर उर्सिसिन यांनी मला बोलावलं.

“मृताचं अन्न खाणं चोरी आहे, रिश. गरिबाच्या तोंडचं खाणं.”

“मी खात नाही, फादर.”

“मग कोण खातं?”

ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला एकदम कळलं की ते उत्तर मागत नाहीत. त्यांना मी चोर असायला हवा होतो.

“तुम्ही ऐकता ना, फादर?” मी विचारलं. “जेवताना?”

“मी वाचन ऐकतो,” ते म्हणाले. “जा.”

६

मला शंका होती तोवर भीती होती. तेराव्या दिवसापासून भीती गेली आणि राग आला. कारण मी आवाजाकडे पाहायचं सोडून माणसांकडे पाहू लागलो.

मी वाढायच्या खिडकीमागे उभा राहायचो. कोनाड्यातून वाचन चाले, कुठल्या राजाने मठाला कुठलं कुरण दिलं. एकवीस चमचे हलकेच वाजत. आणि त्यांच्यात बाविसावा. तो निराळा ओळखू यायचा, कारण तो घाईचा होता, डोंगरावरून काम करून आलेल्या माणसाचा. दोनदा खरवडणं, थांबणं, पुन्हा एकदा. बाकावर वजन पडल्यावर फळी करकरते तशी करकर. खाली फरशीवर पाणी. रोज तेवढ्याच जागी, दोन पायांच्या मधल्या अंतराने दोन डबकी.

ते सगळे ऐकत होते. विगेली बाकाच्या कडेला सरकून बसू लागले होते, अर्धे हवेत. समोरचे दोघे वाडग्यात इतके वाकायचे की नाक बुडेल. ब्रदर टुमाश तर रडायचे, अश्रू सूपमध्ये पडायचे, पण मान वर करायचे नाहीत. नियम होता. नियमाने त्यांची किती सोय केली होती. माझा भाऊ जिवंतपणी अठरा वर्षं त्यांच्या जिन्यावरून ओझी वाहत चढला, तेव्हाही ते असेच खाली बघत बाजूला होत. मला वाटायचं ध्यान करतात.

एकाने, फक्त एकाने, मान वर करून म्हटलं असतं, ‘हा बाल्झर आहे’, तर मी आजही मठाच्या दिशेने क्रूसाची खूण करून झोपलो असतो.

मी आणखी दोनदा फादरांकडे गेलो. एकदा गुडघ्यावर बसलो. नाव वहीत लिहा, एक ओळ. ते म्हणाले, नाही. दुसऱ्यांदा त्यांनी दारच उघडलं नाही. आत पानं उलटल्याचा आवाज येत होता.

७

तिसावा दिवस आला. त्या दिवसानंतर ताट मांडायचं नव्हतं.

सकाळपासून मी एकच विचार करत होतो. उद्या दुपारी तो येईल, थंडीतून, ओल्या मोज्यांनी, आणि जागेवर काही नसेल. तो रागावणार नाही. तो कधी रागवायचा नाही. तसाच बसून राहील. सगळे जेवतील आणि तो बसून राहील, किती वर्षं कोण जाणे.

मी सूप चुलीवरून थेट घेतलं. जोडर बघत होते.

“वाट चुकलास,” ते हळूच म्हणाले, कारण मी ब्रदर प्लासींच्या जागेकडे वळलो नाही.

मी पलीकडच्या टोकाच्या आडव्या टेबलाकडे गेलो. फादर उर्सिसिन यांच्यापुढचा त्यांचा वाडगा उचलला आणि ब्रदर प्लासींचा तिथे ठेवला. शेजारी भाकरी. पुढे क्रूस. ते चष्म्यातून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्याने बोलवेना, कारण वाचन सुरू झालं होतं आणि नियम त्यांचाच होता. मी मागे सरून दारापाशी उभा राहिलो.

त्या दिवशी इतिहासातलं खिंडीचं प्रकरण होतं. कोनाड्यातून आवाज येत होता. सातशे वर्षं, मेणबत्त्यांच्या सणाला, एकही अपघात नाही.

बाविसावा चमचा वाजला नाही.

सगळे ऐकत होते. बाकीचे चमचेही एकेक करून थांबले. सूप वाफाळत राहिलं. खिडकीपाशी बाक करकरला नाही, फरशी कोरडी होती. फादर उर्सिसिन यांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी पाहिला. ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसू म्हणावं असं. त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी चमचा घेतला आणि ते जेवू लागले. सकाळपासून उपास असणार. भराभर जेवत होते.

मग त्यांनी भाकरी उचलली, अंगठा आत घातला आणि गर कोरून काढू लागले.

त्यांचे दात चांगले होते. ते नेहमी भाकरी सुरीने कापायचे, चौकोनी तुकडे करून. आता ते गर तोंडाच्या डाव्या बाजूने चावत होते, आणि कवच त्यांनी बाजूला ठेवलं. गडबडीत मी त्या दिवशी भाकरी भिजवायला आणि गाजर वेचायला विसरलो होतो. त्यांनी एक तुकडा चमच्याने बाहेर काढला, काठावर ठेवला. मग दुसरा, त्याला लावून. त्यांचं लक्षही नव्हतं. डोळे चष्म्यामागे खिडकीबाहेर, उताराकडे लागले होते, जसे काम बाकी असलेल्या माणसाचे लागतात. त्यांच्या झग्याच्या काठावरून थेंब गळू लागले.

वाचणारा थांबला. आणि आता, बासष्ट वर्षांत एकदाच मी पाहिलं ते, बाकीच्या वीस माना वर झाल्या.

फादर उर्सिसिन यांनी वाडगा कलता केला. दोनदा खरवडला, थांबले, पुन्हा एकदा. मग उठले. पायात घरातल्या पातळ सपाता होत्या. ते ओझ्याखाली वाकून चालतात तसे चालत टेबलांमधून आले, संन्यासी पाय आवरून घेत होते. ते माझ्यासमोर दारापाशी थांबले, जसा बाल्झर हातात ओझं असलं की थांबायचा, कुणीतरी दार उघडेल म्हणून. मागे जोडर माझ्याकडे पाहत होते. ते मान हलवत होते, नको, नको.

बाहेर दक्षिणेचा वारा होता. उतार पुन्हा भरला होता. मला ते माहीत होतं. हे मी लिहायलाच हवं, नाहीतर मीही पुस्तकासारखाच ठरेन.

मी दार उघडलं.

“बाल्झर,” मी म्हटलं. जेवणघरात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्या भिंतींमध्ये ते नाव आधी कुणी घेतलं नव्हतं.

तो वळला. चेहरा फादरांचा होता, चष्म्यावर आतून धुकं धरलं होतं. मला बोलता आलं असतं. सोड त्यांना, एवढंच. तो माझं लगेच ऐकायचा, लहानपणापासून. वाऱ्याने कोनाड्यातली इतिहासाची पानं उडत होती आणि कुणी ती उचलायला वाकत नव्हतं. तो वाट पाहत उभा होता. मी आईचा विचार केला, ओल्या मोज्यांचा केला, शुद्ध वहीचा केला, आणि तोंड मिटून घेतलं.

त्याने हात उचलून माझी टोपी कानांवर नीट ओढली, आणि खिंडीच्या वाटेने चालू लागला.